मांडे कोणाच्या हातचे

खापर चुलीवर चढवताना शोभाबाईंनी देवाचं नाव घेतलं आणि त्याच तोंडाने एक खोटं सांगून टाकलं. पुढच्या दारातून रेवजींनी विचारलं होतं, "मांडा कोन करी ऱ्हायनं?" मागच्या अंगणातून त्या ओरडल्या, "गायत्री करी ऱ्हायनी." नवऱ्याचं समाधान झालं आणि ते पुन्हा फाटकाशी जाऊन उभे राहिले. पुण्याच्या मॅडम जेवायच्या वेळेला यायच्या होत्या, पण रेवजी सकाळपासून कडक इस्त्रीचा सदरा घालून तिथे पहारा देत होते. लोणखेड्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून, मुलाच्या कंपनीतल्या सर्वांत मोठ्या मॅडम आपल्याकडे येताहेत, हे ऐकवणं चाललं होतं.

चुलीपुढे बसलेली बाई सून गायत्री नव्हती. ती ममता होती, शोभाबाईंची लेक, खास मांड्यांसाठी आदल्या दिवशी नंदुरबारहून बोलावून आणलेली. तिचे हात कोपरापर्यंत कणकेने भरले होते. पुरण भरलेला मांडा तिने दोन्ही हातांवर फिरवत फिरवत मोठा केला, अलगद खापरावर टाकला आणि मान न वळवता म्हणाली,

"आई, गायत्री कोठे शे आठे? माले तं दिसी नही ऱ्हायनी."

"तू मांडाकडे देख. जळी जाई."

"मांडा नही जळाव. मीच जळी ऱ्हायनी."

मांड्यांच्या बाबतीत या घराचा एक नेम आहे. रेवजींची आई धनुबाई तरुणपणी मांड्यांसाठी नावाजलेली होती. एका लग्नात ती दिवसभर खापरापुढे भाजून निघाली आणि कौतुक मात्र जावेच्या पदरात पडलं. तेव्हापासून तिने ठरवून टाकलं की पाहुण्याच्या ताटाशेजारी एक खण ठेवायचा. पाहुण्याने पहिला घास घेण्याआधी 'कोणाच्या हातचे?' असं विचारायचं, घरातल्या वडीलधाऱ्याने नाव सांगायचं आणि पाहुण्याने तो खण त्याच हातात द्यायचा. नाव खोटं सांगितलं तर पुढच्या वेळी मांडा खापरावर फाटतो, असंही ती म्हणायची. धनुबाईला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी खण ठेवायला कोणी विसरलं नव्हतं.

आज तो खण गायत्रीच्या हातात पडावा, असं शोभाबाईंनी मनाशी ठरवलं होतं. त्यांच्या लेखी ते प्रायश्चित्त होतं. लेकीच्या घामातून सुनेवरच्या अन्यायाची भरपाई कशी होणार, एवढा लांबचा विचार त्यांनी केला नव्हता.

भरपाई कशाची, ते सांगायला हवं. कोरोनात मुलगा, धर्मेंद्र, पुण्याहून आला तो कंपनीचा लॅपटॉप घेऊन. त्याचं काम विम्याचे दावे तपासण्याचं. दवाखान्याची कागदपत्रं वाचायची, बिलं ताडून पाहायची, दावा खरा की फुगवलेला ते लिहून कळवायचं. कंपनीने सांगितलं घरूनच काम करा, आणि घराने त्यातलं 'घरी आहे' एवढंच ऐकलं. पपईला पाणी सोडायचंय? धर्मेंद्र आहे ना. मावशीला शहाद्याला दवाखान्यात न्यायचंय? धर्मेंद्र आहे ना. व्यापारी माल बघायला आला, वायरमन आला, कुणाच्या तरी सोयरिकीची बोलणी निघाली, सगळीकडे धर्मेंद्र. त्यालाही खरं तर खुर्चीपेक्षा बांधावरच बरं वाटायचं.

लॅपटॉपवर त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका असायचा. माणूस जागेवर नसला की थोड्या वेळाने तो पिवळा व्हायचा आणि तिकडे पुण्यात कळायचं. म्हणून बाहेर निघताना तो बायकोला म्हणायचा, "जरा बठ आठे. ठिपका हिरवा ऱ्हाऊ दे." गायत्री बसायची, माऊस हलवायची. हलवता हलवता समोरचं वाचायची. ती कॉम्प्युटर घेऊन पदवीधर झालेली मुलगी, लग्नाआधी नाशिकला नोकरी ठरलेली. ती नोकरी सोडायची अट रेवजींनी घातली होती. "सूननी कमाई आमना घरमा कोनी खाव नही," असं ते सोयरिकीच्या भर बैठकीत म्हणाले होते आणि बैठकीतल्या लोकांनी माना डोलावल्या होत्या.

तर ती वाचायची आणि तिला चुका दिसायच्या. आधी ती नुसती सांगायची, मग दुरुस्त करू लागली, मग अख्खे दावेच तिच्याकडे आले. धर्मेंद्र फक्त सोमवारच्या मीटिंगला केस विंचरून बसायचा, तिने समजावून सांगितलेलं बोलून दाखवायला. पुण्यात असताना जेमतेम टिकलेला हा माणूस घरी बसून कंपनीत पहिला आला.

शोभाबाईंना ते कळलं एका दुपारी, चहा घेऊन वर गेल्या तेव्हा. मुलगा शेतात होता आणि मुलाच्या खुर्चीवर सून बसली होती. "काय करी ऱ्हायनी व?" त्यांनी विचारलं. "त्यास्नं काम, आई," गायत्री म्हणाली आणि रडवेली झाली. शोभाबाईंनी चहा ठेवला, दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर डाळ निवडायला बसल्या, कोणी वर जाऊ नये म्हणून. तेव्हापासून त्यांची दुपार त्या पायरीवरच जायची.

इथपर्यंत त्यांना स्वतःचा थोडा अभिमानसुद्धा वाटला असता. पण शेजारच्या कमलीबाईंनी एकदा विचारलं, "तुन्ही सून दुपारभर दार लाईसन झोपस का व?" आणि शोभाबाई हसून म्हणाल्या, "आजकालन्या पोरी, काय सांगू." गल्लीभर झालं की रेवजींची सून आळशी आहे. सासू मरमर करते आणि सून झोपते. बायका शोभाबाईंची कीव करायच्या आणि शोभाबाई ती कीव करून घ्यायच्या. रात्री अंथरुणावर पडलं की त्यांना त्याची इतकी लाज वाटायची की त्या कूस बदलत राहायच्या. सकाळ झाली की पुन्हा तेच.

*

धर्मेंद्र शहाद्याच्या चौकात मोटारसायकलला टेकून उभा होता. मॅडमची गाडी आली की पुढे राहून तिला घरापर्यंत आणायची, एवढंच काम त्याच्याकडे होतं. दुसऱ्या कुठल्या दिवशी त्याने हे काम आनंदाने केलं असतं.

आठ दिवसांपूर्वी मॅडमचा फोन आला होता. तोरणमाळला मैत्रिणी भेटणार आहेत, वाटेत तुझ्याकडे थांबते. त्याने जेवायचं आमंत्रण दिलं, देणं भागच होतं. मग त्या म्हणाल्या, "वरचे लोक सगळ्यांना ऑफिसात परत बोलवायच्या विचारात आहेत. त्यांचं म्हणणं, घरी बसून लोकांचं काम ढासळतं. मी म्हटलं, धर्मेंद्रचं बघा. घरी गेल्यापासून त्याचं दुप्पट झालंय. तुझं उदाहरण मी त्यांच्यापुढे ठेवणार आहे. ते कसं जमवलंस, तेवढं मला समोर बसून सांग."

फोन ठेवल्यावर त्याने गायत्रीला विचारलं, "काय सांगू?" ती म्हणाली, "खरं सांगा." तो म्हणाला, "सांगसू." आणि मग आठ दिवस दोघांनीही तो विषय काढला नाही. त्याने मनात पुष्कळ वाक्यं जुळवून पाहिली होती. प्रत्येक वाक्याच्या शेवटी वडिलांचा चेहरा यायचा आणि वाक्य तिथेच बंद पडायचं.

गाडी थांबली, काच खाली झाली. मॅडमनी त्याला नीट पाहिलं आणि त्या हसल्या.

"पडद्यावर असा दिसत नाहीस रे. किती रापला आहेस. दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस असा रापतो?"

"इथलं ऊन फार असतं, मॅडम."

"हिवाळ्यातसुद्धा?"

तो हसला. हसण्याने वेळ निभावते हे तो लहानपणापासून शिकला होता. मोटारसायकल सुरू करून तो गाडीच्या पुढे निघाला, आणि आरशात मागची गाडी दिसत राहिली. दोन्ही बाजूंना पपईच्या बागा होत्या. आपल्या बागेजवळून जाताना त्याने सवयीने मान वळवून फळं किती पिवळी पडलीत ते पाहिलं, आणि मग मॅडमनी ते पाहिलं असेल म्हणून त्याचे कान तापले.

*

शेवटचे दोन-तीन मांडे उरले तेव्हा ममता उठली. पाठ धरली होती आणि डोक्यात राख गेली होती. हात तसेच भरलेले ठेवून ती जिन्याकडे निघाली.

"कोठे जाई ऱ्हायनी?" शोभाबाई आडव्या आल्या.

"तुन्ही सूनले उठाडाले. पाहुना दारमा उना तरी ती झोपीच ऱ्हावाव का?"

"ती झोपेल नही शे. तिले काम शे."

"काय काम शे?"

शोभाबाई गप्प बसल्या. आई गप्प बसली की काहीतरी झाकते, हे ममता जन्मापासून ओळखून होती. तिने आईला बाजूला केलं नाही, तिथूनच वर हाक मारली. "गायत्री!"

दाराआडून बटणं वाजल्याचा आवाज आला, भराभर, न थांबता. "ताई, थोडंच ऱ्हायनं. येस मी," गायत्री आतून म्हणाली. ममताला वाटलं ही लॅपटॉपवर काहीतरी बघत बसली आहे. पिक्चर असेल, नाहीतर साड्या असतील.

"पाह्यं?" ती आईला म्हणाली. "मन्हं कॉलेज सोडावाले बाबांनी सांगं, तवय तू अशी पायरीवर बठनी नही व्हती. मी रडी ऱ्हायनी व्हती आन् तू पोळ्या करी ऱ्हायनी व्हती. सूनसाठे मातर पहारा दी ऱ्हायनी."

हे खरं होतं आणि ते शोभाबाईंच्या वर्मी बसलं. तेवढ्यात पुढच्या फाटकातून रेवजींचा आवाज आला, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या मराठीतला: "या, या मॅडम, या. घर आपलंच आहे. आज सूनबाईने स्वतःच्या हाताने मांडे केले आहेत तुमच्यासाठी."

ममताने ते ऐकलं. मग तिने आईकडे पाहिलं, आणि आईची नजर खाली गेली तेव्हा हे कोणी सांगितलं असेल तेही तिला कळलं.

"बरं," ती म्हणाली आणि हात धुवायला मोरीवर गेली.

*

गायत्री खाली आली ती महिनाअखेरचं सगळं काम पाठवून. शुक्रवार होता आणि सगळे दावे दुपारच्या आत जायला हवे होते. पाहुणे येवोत की लग्न असो, दाव्यांना त्याचं काही नसतं.

ओसरीत पाट मांडले होते. मॅडम पाटावर अवघडून बसल्या होत्या, पण आनंदात होत्या. कानाशी चारदोन पांढरे केस, हातात साधं घड्याळ. पडद्यावर गायत्रीने त्यांना पुष्कळदा पाहिलं होतं, पडद्याच्या बाजूला, त्यांना दिसणार नाही अशा जागी बसून. आज त्यांनीही तिच्याकडे पाहिलं आणि ओळखीचं काहीच त्यांच्या चेहऱ्यावर आलं नाही. येणार तरी कुठून.

"ही आमची सून," रेवजी म्हणाले. नाव काही त्यांनी सांगितलं नाही.

मॅडमनी कधी कधी धर्मेंद्रला लिहिलेलं असायचं, 'उत्तम', 'फार बारकाईने पाहिलंस'. ते गायत्री वाचायची, एकदा वाचून झालं की पुन्हा वाचायची. दुसरीची साडी नेसून आरशापुढे उभं राहावं तसं तिला वाटायचं, चोरटं आणि छान. माहेरी वडील विचारायचे, "दिवसभर काय करस बेटा?" ती म्हणायची, "काही नही." तेव्हाही लाज वाटायची आणि 'उत्तम' वाचतानाही. पण वाचायचं तिने सोडलं नव्हतं.

तिने दूध वाढलं. तूप घेऊन ममता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आत येत नव्हती. शोभाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. धर्मेंद्र मॅडमच्या शेजारच्या पाटावर, ताटाकडे बघत.

"धर्मेंद्रने वाटेत थांबून मला तुमचा नेम समजावून सांगितलाय," मॅडम म्हणाल्या आणि ताटाशेजारचा जांभळा खण उचलला. "छान आहे हं. आमच्याकडे करतं एक आणि नाव होतं दुसऱ्याचं. तर मी विचारते. हे मांडे कोणाच्या हातचे?"

"आमच्या सूनबाईच्या हातचे," रेवजी म्हणाले. त्यांच्यापुरतं ते खरंच होतं.

मॅडमनी खण पुढे केला. गायत्रीला फक्त हात पुढे करायचा होता. सासूबाई तिच्याकडे बघत होत्या, घे, घे बाई, असं डोळ्यांनी म्हणत होत्या. त्यामागे काय आहे ते गायत्रीला कळलं आणि सासूबाईंची दयाही आली. पण दारात ममता उभी होती, तिच्या मनगटावर खापराचा ताजा चटका लाल दिसत होता. त्या चटक्याकडे बघून गायत्रीचा हात उचललाच नाही.

"माझ्या हातचे नाहीत हे," ती म्हणाली. "ममताताईंनी केलेत. सगळे त्यांनीच केलेत."

"सूनबाई," रेवजी गोंधळून म्हणाले, "तुन्ही सासूच तं बोलनी..."

"खोटं बोलनी ती," ममता म्हणाली. तिचं रागाने तयार ठेवलेलं वाक्य आता थांबणार नव्हतं. "आन् गायत्री, एवढं सांगं तं पुढलं बी सांगी दे. सकायपाईन त्या खोलीमा दार लाईसन काय करी ऱ्हायनी व्हती तू?"

"ममता," धर्मेंद्र म्हणाला, "पाहुन्यासमोर..."

"काम करी ऱ्हायनी व्हती ती," शोभाबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले. त्यांनी भिंतीचा आधार सोडला नाही. पाहुण्यांची मराठी त्यांना येत नव्हती, म्हणून त्या आपल्याच बोलीत मॅडमशी बोलल्या. "तुमनं काम, मॅडम. रोज तीच करस. मी जिनावर बठस, कोनी देखाले नको म्हनीसन. लोके तिले आळशी म्हनतस आन् मी म्हनू देस."

मॅडमना सगळे शब्द समजले नसतील, पण जे समजायचं ते समजलं. त्यांनी खण खाली ठेवला आणि धर्मेंद्रकडे पाहिलं.

"मॅडम, ती थोडी मदत करते," धर्मेंद्र घाईने म्हणाला. "म्हणजे मी शेतावर वगैरे गेलो तर बघते थोडंफार. तेवढंच."

गायत्रीने त्याच्याकडे पाहिलं. ती रागावली नव्हती. चार माणसांत नवऱ्याची चप्पल तुटावी आणि आपल्याला मान खाली घालावी लागावी, तसं काहीतरी तिला झालं.

"नाशिकच्या त्या दवाखान्याचे दावे होते," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "एकाच पेशंटची दोन नावं. ते कोणी पकडलं?"

"ते आम्ही दोघांनी..."

"धर्मेंद्र."

"तिने," तो म्हणाला.

"आणि नवीन मुलांसाठी दावे तपासायची पद्धत पाठवलीस, ती कोणी लिहिली?"

"तिने."

मॅडमनी विचारायचं थांबवलं. पण धर्मेंद्रला आता थांबता येईना. "सगळंच, मॅडम," तो ताटाकडे बघत म्हणाला. "पहिल्या वर्षानंतरचं सगळं तिचंच आहे. मला त्यातलं आता नीट येतसुद्धा नाही. मी पपई बघतो." आठ दिवस जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही यात नव्हतं.

रेवजींनी घास मोडला होता, तो त्यांनी ताटात परत ठेवला. माणूस हळू विचार करणारा, पण विचार शेवटपर्यंत नेणारा. घराला रंग दिला तो, पाण्याची नवी मोटर बसवली ती, आज अंगावर असलेला सदरा, एकेक त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असावं.

"म्हंजे इतला दिन," ते बायकोला म्हणाले, "आपुन सूनबाईनं खाई ऱ्हायनूत?"

शोभाबाईंनी मान हलवली.

"आन् मी बैठकमा काय बोलनू व्हतू," रेवजी म्हणाले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

मॅडमनी ताटाला नमस्कार केला. त्यांनी मांड्याचा एक घासही खाल्ला नव्हता. उठताना त्या धर्मेंद्रला म्हणाल्या, "दोन महिने मी वरच्या लोकांशी भांडतेय. एकीची आई अंथरुणाला खिळली आहे, एकाचं मूल आजारी आहे. त्यांना घरून काम करू द्या म्हणून मी तुझं नाव पुढे केलं. आता काय सांगू? घरी बसून याचं काम वाढलं, कारण ते हा करतच नव्हता, असं सांगू?"

जिची आई अंथरुणाला खिळली होती, तिला धर्मेंद्र ओळखत होता. सोमवारच्या मीटिंगमध्ये ती त्याच्या शेजारच्या चौकोनात असायची, मागे पलंगाचा कोपरा दिसायचा.

मग मॅडम गायत्रीकडे वळल्या. "तुझं नाव काय?"

"गायत्री."

"त्या कागदांत लोकांचे आजार असतात, गायत्री. घरच्यांपासूनसुद्धा लपवलेले असतात काही. विश्वासाने दिलेले असतात. ते तू वाचायचे नव्हतेस, काम कितीही चांगलं केलं असलंस तरी. मला तुलाही कामावर घेता यायचं नाही."

"माहीत होतं मला," गायत्री म्हणाली. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

लॅपटॉप कुठे आहे, असं मॅडमनी विचारलं. धर्मेंद्रने तो वरून आणून ओसरीतल्या बाजेवर ठेवला. त्या वाकल्या, आज पाठवलेलं काम त्यांनी उभ्यानेच वाचलं, आणि उसासा टाकला.

"आता याला कोणी हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "आमची माणसं पुण्याहून आधी सगळं तपासतील. सोमवारी तू स्वतः घेऊन ये, धर्मेंद्र."

जाताना त्या पुन्हा ताटाकडे आल्या, खण उचलला आणि ममताच्या हातात दिला. ममताने तो घेतला. मांडे तिचेच होते, नको म्हणायचं काही कारण नव्हतं. पण खण हातात आल्यावर तिला तो कुठे ठेवावा ते सुचेना. आळशी, झोपाळू, साड्या बघणारी, असं ती गायत्रीबद्दल नंदुरबारला सासरीसुद्धा बोलली होती. चवीने बोलली होती. आता ते शब्द तिथल्या चार घरांत जाऊन बसले होते आणि परत आणायची काही सोय नव्हती.

गाडी तोरणमाळकडे, म्हसावदच्या रस्त्याला लागली. फाटकापर्यंत कोणी गेलं नाही, आणि सकाळी ज्यांना ज्यांना रेवजींनी थांबवलं होतं ते सगळे आपापल्या दारांतून बघत होते. मॅडम इतक्या लवकर कशा गेल्या, हे कमलीबाई उद्या विचारणारच होत्या.

ओसरीत ताटं तशीच होती. ममताने तुपाची वाटी खाली ठेवली आणि गायत्रीच्या शेजारी जाऊन बसली, थोडं अंतर राखून. "माले सांगती तं..." ती म्हणाली आणि तिथेच थांबली. सांगितलं असतं तर आपण काय केलं असतं, ते तिला ठाऊक होतं. आपण ते गावभर केलं असतं.

गायत्री ऐकत होती, पण तिचं मन भलतीकडे होतं. नवऱ्याची नोकरी गेल्यातच जमा, सासरे मान वर करत नाहीत, आणि तिला वाटत होतं की उद्या दुपारी वर जाऊन उघडायला काही नसेल. इतक्या माणसांचं इतकं बिघडलं आणि आपल्याला दुःख कशाचं, तर त्या खोलीचं. दिवसभरात तिला सर्वांत जास्त लाज वाटली ती या विचाराची, आणि ती कोणाला सांगण्यासारखीही नव्हती.

बाजेवर लॅपटॉप उघडाच होता. बघता बघता धर्मेंद्रच्या नावापुढचा ठिपका पिवळा झाला.

"गायत्री," धर्मेंद्र सवयीने म्हणाला, "ठिपका देख ना."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. त्याने तोंडावरून हात फिरवला आणि तो तसाच तोंडावर राहू दिला.

रेवजी उठले. चष्मा लावून ते बाजेपाशी गेले आणि हात मागे बांधून वाकले. इतक्या वर्षांत त्या यंत्राकडे त्यांनी एवढं जवळून कधी पाहिलं नव्हतं.

"मघा हे हिरवं व्हतं ना?" त्यांनी विचारलं. "पिवळं कसाले व्हयनं?"

त्यांनी मुलाला विचारलं नाही. सुनेकडे बघून विचारलं.

"तठे कोनी बठेल नही म्हनीसन, बाबा," गायत्री म्हणाली.

रेवजींनी पडद्यावर बोट न लावता, अक्षर अक्षर जुळवत मुलाचं नाव वाचलं. मग ते मागे फिरले, आपल्या पाटावर बसले आणि ममताने केलेला मांडा, थंड झालेला, मोडून तोंडात घातला. डोळ्यांतून पाणी येत असताना त्यांनी तो सगळा संपवला, आणि ताट सरकवून म्हणाले,

"सूनबाई, बठ. आता तू जेव. मी वाढस."